रोज सकाळी येणारी माती

डोळे मिटा पाहू. अगदी घट्ट. आता तुम्ही लहान होत चालला आहात, इतके लहान की तांदळाची कणी आणि तुम्ही सारख्याच उंचीचे. अंग मऊ आणि पांढरं. डोळे नाहीतच. ऊन लागलं की अंग सुकतं, वारा लागला की जीव घाबरा होतो. आणि पोटात भूक आहे. तुम्हाला आवडतं लाकूड. पण ते आहे तिकडे लांब, आणि मध्ये नुसती उघडी भिंत. काय कराल?

तुम्ही मातीचा एक कण उचलाल. तो थुंकीनं ओला कराल आणि भिंतीला चिकटवाल. मग दुसरा कण. तुमच्यामागं तुमची हजारो भावंडं आहेत, तीही तेच करताहेत. कणाला कण चिकटत जातो आणि भिंतीवर मातीची एक बारीकशी नळी तयार होते. आत अंधार, गारवा, ओल. त्या नळीतून तुम्ही खुशाल चालत जाता आणि कुणाला दिसतही नाही. कुणी ती नळी मोडलीच, तर तुम्ही रडत बसत नाही. सकाळ व्हायच्या आत परत बांधून टाकता.

उघडा डोळे. आत्ता तुम्ही वाळवी झाला होता. आता परत माणसं व्हा, कारण गोष्ट माणसांची आहे.

गुंजन धारची. चौथीत शिकणारी. तिचे बाबा देवासच्या एका कारखान्यात कामाला होते आणि तिथंच एक खोली भाड्यानं घेऊन राहत होते. रविवार तेवढा त्यांचा धारचा. शनिवारी गुंजन झोपल्यावर ते यायचे आणि सोमवारी ती उठायच्या आत गेलेले असायचे. सोमवारी सकाळी मोरीत त्यांचा ओला टॉवेल दिसला की गुंजन त्या दिवशी शाळेत कुणाशी नीट बोलायची नाही.

देवासला घर घ्यायचं आणि सगळ्यांनी एकत्र राहायचं, हे केव्हाच ठरलं होतं. गुंजनच्या आईची, विनीताची, बदलीही देवासला मिळत होती. अडत होतं ते आजोबांपाशी. बापूसाहेबांचे गुडघे दुखायचे, त्यामुळे जिना नको. पण बिनजिन्याची घरंही त्यांना पसंत पडेनात. एका घरात तुळशीला जागा नव्हती. एकाच्या स्वयंपाकघराचं तोंड त्यांना पटलं नाही. एकात सगळं जिथल्या तिथं होतं, पण मालकानं उभ्याउभ्यानंच घर दाखवलं, बसा म्हणाला नाही. न आवडलेल्या घरी बापूसाहेब पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. बाहेर पडून बसस्टँडवर ग्लासभर प्यायचे आणि म्हणायचे, "चला, परत."

शेवटी देवासच्या टेकडीच्या मागच्या अंगाला असलेलं भवानीबाईंचं घर पाहिलं. चार खोल्यांचं, बैठं. पुढं ओटा, मागं परसात सीताफळाचं झाड. भवानीबाई एकट्याच राहायच्या आणि आता सोनकच्छला लेकीकडे, वैभवीकडे, जाणार होत्या. बापूसाहेब ओट्यावर टेकले, पाणी मागून घेतलं, चहा घेतला आणि थोड्या वेळानं, "अजून अर्धा कप असेल का?" असंही म्हणाले. विनीतानं गुंजनकडं पाहिलं. गुंजननं आईचा हात दाबला.

पण विनीता सावध बाई. परत येताना बसमध्ये ती म्हणाली, "मामंजी, शब्द द्यायच्या आधी एकदा वाळवीची तपासणी करून घेऊ. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीनं न बघता घर घेतलं, आणि पावसाळा सरला तेव्हा कपाटाचं दार तिच्या हातात आलं."

"तिऱ्हाईत माणूस आणायचा, त्यानं लोकांच्या भिंती ठोकायच्या," बापूसाहेब म्हणाले. "त्या माऊलीला काय वाटेल?"

त्या माऊलीला काहीच वाटलं नाही. फोनवर भवानीबाई हसल्या. "ठोका की. मला बघायला आले होते तेव्हा चालून दाखव, गाऊन दाखव, सगळं करून घेतलं होतं. घरानं दोन टपल्या खाल्ल्या तर काय बिघडतं?"

म्हणून पुढच्या आठवड्यात तिघं परत सकाळच्या बसनं निघाली, इंदूरला गाडी बदलली आणि देवासला पोचली. बाबांची त्या दिवशी सकाळपाळी होती. ते दुपारी सुटणार होते. तपासणी करणारा अंशुल इंदूरहून मोटारसायकलवर आला. पाठीवर बॅग, कपाळाला बांधायचा टॉर्च, एक छोटी हातोडी, एक पेचकस आणि भिंतीची ओल सांगणारं एक यंत्र.

"भिया, मी मागं मागं येऊ?" गुंजननं विचारलं. तिकडं दादाला भिया म्हणतात.

"आ जा. पण हात नहीं लगाना, और सवाल एक बार में एक."

गुंजननं ही अट अर्धीच पाळली. हात लावला नाही, पण प्रश्न एकामागून एक.

अंशुल प्रत्येक चौकटीपाशी उकिडवा बसायचा, हातोडीच्या दांड्यानं लाकूड वाजवायचा आणि कान द्यायचा. टक्. टक्. टक्. "सुन," तो म्हणाला. "ये सागवान बोल रहा है की मी भरलेला आहे. आतून खाल्लेलं असेल तर आवाज बसलेला येतो. भद्, भद्. जैसे गत्ते का डिब्बा." मग त्यानं आपल्या बॅगेतला पुठ्ठ्याचा डबा काढून तोही वाजवून दाखवला. तुम्हीही आत्ता जवळचं दार बोटाच्या पेरानं वाजवून पाहा, आणि मग एखादं रिकामं खोकं. फरक कानाला लगेच कळतो.

आतल्या अडगळीच्या खोलीत भिंतीवर मातीची एक बारीक रेघ सापडली. गुंजन आणखी जवळ सरकली. अंशुलनं पेचकसानं रेघ मधोमध मोडली. आत काहीच नव्हतं. कोरडी, ठिसूळ माती खाली सांडली.

"पुराना रास्ता है. सोडून गेलेल्या," तो म्हणाला.

"कशावरून?"

"चालू रस्ता ओला असतो. आणि तोडला की चुपचाप बसत नाहीत. तू आज तोड, सुबह तक फिर बना देंगे. तोच त्यांचा पुरावा."

माळा झाला. खिडक्या झाल्या. स्वयंपाकघरातली फळी झाली. सगळीकडे टक् टक्. गुंजनला तो आवाज आता गाण्यासारखा वाटायला लागला. मनात तिनं आतली खोली आजोबांना देऊन टाकली आणि रस्त्याकडची बाबांना, कारण त्यांना पहाटे निघताना कुणाची झोपमोड करावी लागू नये.

मग अंशुल पुढच्या दारात आला, उंबरठ्यापाशी बसला आणि त्यानं हातोडी उचलली.

"थांबा," बापूसाहेब म्हणाले.

अंशुलचा हात थांबला.

"उंबरठा आहे तो. त्याच्यावर आपण पाय देत नाही. शिंकसुद्धा देत नाही. आणि तुम्ही हातोडी मारणार?"

"दादाजी, हळूच."

"हळू काय आणि जोरात काय."

भवानीबाईही आतून आल्या. "राहू दे रे बाळा. सगळं घर वाजवलंस, मी काही बोलले का? एवढा नको. रोज पूजा होते त्याची."

आणि खरंच, तो उंबरठा बघण्यासारखा होता. वरून पितळी पट्टी ठोकलेली, घासून घासून सोन्यासारखी. दोन्ही टोकांना हळदकुंकवाची बोटं, मध्ये रांगोळीचं छोटं कमळ. विनीतानं काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. चारचौघांत सासऱ्यांचा शब्द ती मोडायची नाही.

अंशुलनं खांदे उडवले. "ठीक है. रिपोर्ट में लिख दूँगा, दहलीज नहीं देखी. बाकी घर एक नंबर."

एक नंबर म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे सैल झाले. भवानीबाईंनी पोहे केले होते, वर शेव आणि जिरावन मसाल्याची चिमूट. ओट्यावर बसून सगळ्यांनी खाल्ले. बापूसाहेब खुशीत आले आणि अंशुलला म्हणाले, "माझे गुडघे पण वाजवून बघता का? ते भद् भद् बोलतात."

"दादाजी, उनमें दीमक नहीं, उमर है."

बापूसाहेब हसले, आणि हसता हसता त्यांनी आपल्या पिशवीत हात घातला. पिशवीत नारळ होता. गुंजनला तो माहीत होता. सकाळी धारला निघताना आजोबांनी तो स्वतः निवडून घेतला होता. त्यांच्याकडची रीत अशी, की समोरच्याच्या हातात नारळ दिला म्हणजे शब्द दिला. मग आभाळ कोसळलं तरी माघार नाही.

"रांगोळी रोज काढता?" विनीतानं भवानीबाईंना सहज विचारलं.

"रोज. पहाटे उठायचं, उंबरठा धुवायचा, मग हळदकुंकू. आता सोनकच्छला लेकीकडे दारात नुसती फरशी आहे, तिथं कसला उंबरठा. ह्याची सवय सुटायची नाही मला." त्यांनी पदरानं पट्टीवरचा एक डाग पुसला. "हा डावा कोपरा तेवढा छळतो बघा. किती धुवा, दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं माती आहेच. रस्त्याची धूळ, दुसरं काय. मी धुते, ती येते. आमचं असं चाललंय."

गुंजनच्या हातातला चमचा ताटलीवरच राहिला.

मी धुते, ती येते. सुबह तक फिर बना देंगे.

रस्त्याची धूळ असती तर ती सगळीकडे पडली असती. दोन्ही कोपऱ्यांत, मध्ये, ओट्यावर. एकाच कोपऱ्यात रोज का येईल?

ती उठली आणि उंबरठ्याजवळ जाऊन गुडघ्यांवर बसली. कुणाचं लक्ष नव्हतं. तिनं आधी नमस्कार केला, कपाळ टेकवलं. मग तसंच, कपाळ तिथंच ठेवून, डाव्या टोकाला बोटाचं पेर हळूच वाजवलं.

भद्.

उजव्या टोकाला वाजवलं. टक्.

परत डाव्या. भद्. पुठ्ठ्याच्या डब्यासारखं.

आता गुंजनच्या मनात काय चाललं असेल, ते बघा. आजोबांचा हात पिशवीत आहे. ती गप्प बसली तर मिनिटाभरात नारळ भवानीबाईंच्या हातात जाईल, आणि बाबा कायमचे घरी. ती बोलली तर? आजोबा म्हणतील, ज्या घराचा उंबरठा खाल्लेला, त्या घरात मी पाऊल ठेवायचा नाही. मग परत बसस्टँड, परत ग्लासभर पाणी, परत सोमवारचा तो ओला टॉवेल. आणि हे तिच्याच तोंडानं झालेलं असेल.

शिवाय कुणी तिला विचारलंही नव्हतं. रिपोर्टमध्ये येणारच होतं की, उंबरठा पाहिला नाही म्हणून.

पण तिला आईच्या मैत्रिणीच्या हातात आलेलं ते कपाटाचं दारही दिसत होतं. वाळवी काही उंबरठ्यावर थांबणार नव्हती. ती चौकटीत चढेल, मग रस्त्याकडच्या खोलीत, बाबांच्या. एकदा शब्द दिला की आजोबा मागं फिरणार नाहीत, आणि सगळे त्या खाल्लेल्या घरात राहत बसतील.

नारळ बाहेर आला.

"आजोबा, रुको ना," गुंजन म्हणाली. घाईत तिच्या तोंडून नेहमी हिंदीच निघायची. "आत्ता देऊ नका. आजीच्या कोपऱ्यात रोज येते ती माती... ती धूळ नाही."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. तिनं सांगितलं. अडखळत, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत, पण सगळं सांगितलं. कोपरा, सकाळ, मातीची रेघ, टक् आणि भद्.

"तू हातोडी मारलीस?" बापूसाहेबांनी विचारलं.

"नाही. मी नमस्कार करत होते. तेव्हा बोट वाजवलं."

अंशुल उठून उभा राहिला होता, पण पुढं आला नाही. हातोडी त्यानं बॅगेतच ठेवली.

भवानीबाईंनी वाकून तो कोपरा पाहिला. मग त्या आत गेल्या आणि हळदकुंकवाचा करंडा घेऊन आल्या. उंबरठ्याला हळद लावली, कुंकू लावलं, हात जोडले. "लहान जीव सांगतोय," त्या उंबरठ्याला म्हणाल्या, "राग धरू नकोस." मग अंशुलकडं वळल्या. "काढ पट्टी. पण खिळे हळू उपस."

अंशुलनं खिळे इतके हळू उपसले, की जणू कुणाच्या पायातला काटा काढतोय. पट्टीचं डावं टोक वर आलं.

खालचं लाकूड वरून नुसतं कागदासारखं राहिलं होतं. पेचकसाचं टोक लागताच ते आत गेलं. आत ओली माती होती, आणि त्या मातीत पांढरे, मऊ दाणे इकडून तिकडं पळत होते. उजेड लागला होता ना त्यांना. तुम्हाला ठाऊकच आहे, त्यांना कसं वाटलं असेल.

विनीतानं डोळे मिटून घेतले. गुंजननं आजोबांकडं बघायचं टाळलं.

"रुकिए, रुकिए," अंशुल म्हणाला. तो आता पोटावरच झोपला होता. उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंनी चौकटीचे पाय त्यानं टोचून पाहिले, वाजवून पाहिले. टक्. टक्. मग खाली टॉर्च मारला, ओलीचं यंत्र लावलं, परत टोचलं. असं बराच वेळ चाललं. सीताफळावर एक खार तेवढी ओरडत होती.

शेवटी तो उठून बसला. "चौकट सागवानी आहे, आणि तिचे पाय दगडावर उभे आहेत. तिला काहीच झालेलं नाही. ही दहलीज मात्र आंब्याच्या लाकडाची आहे, सीधी मिट्टी पे. नंतर कुणीतरी बसवली असणार."

"ह्यांनी बसवला होता," भवानीबाई म्हणाल्या. "जुना झिजला म्हणून. आंबा शुभ म्हणून."

"शुभ है, माताजी, लेकिन मीठी भी है. आणि वर रोज सकाळी पाणी. त्यांची तर दावत चालली होती. माती दिसायची ती तुम्ही धुऊन टाकायच्या, म्हणून कुणाला पत्ताच नाही." त्यानं हात झटकले. "बीमारी इतनीच आहे. ही दहलीज काढायची, जमिनीत आणि भिंतीच्या कडेकडेनं भोकं पाडून दवा सोडायची. और घर? घर अब भी एक नंबर."

सगळे बापूसाहेबांकडं बघायला लागले. नारळ अजून त्यांच्या हातात होता. ते उंबरठ्याकडं बघत होते. मग म्हणाले, "भवानीबाई, तुमची इतक्या दिवसांची सेवा. ती फुकट गेली असं मनात आणू नका."

"मनात आलंच होतं," भवानीबाई म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्ही आता उठून जाल."

"कशाला? उंबरठा म्हणजे काय अमरपट्टा घेऊन आलेला असतो? माझ्या वडिलांनी धारच्या घराचा बदलला होता, मी बघितलाय. त्याचीही रीत आहे. जुन्याला पाणी दाखवायचं, चुकलं माकलं म्हणायचं, आणि नव्याखाली अक्षता, हळकुंड, सुपारी ठेवून तो बसवायचा. सागवानी घेऊ. दगडावर." ते थांबले. "मुलगी खरं बोलली म्हणून आत्ता कळलं. शब्द दिल्यावर कळलं असतं, तर मी हट्टानं ह्या खाल्लेल्यावरच पूजा करत बसलो असतो. तू ओळखतेस मला, सूनबाई."

"चांगली ओळखते, मामंजी," विनीता म्हणाली, आणि इतक्या वेळानं पहिल्यांदा हसली.

"तपासणीवाल्याला पुढच्या वेळी अडवायचं नाही म्हणतो मी. फक्त त्यानं आधी नमस्कार करावा."

"अभी करता हूँ," म्हणत अंशुलनं खरोखरच हात जोडले.

बापूसाहेबांनी नारळ भवानीबाईंच्या ओंजळीत ठेवला. त्यांनी तो कपाळाला लावला. मग भवानीबाई ओट्यावर बसल्या आणि पाय पसरले. लेकीच्या लग्नाची वरात गेल्यावर आई बसते ना, तशा. "आज रात्री मला झोप लागेल बघा," त्या म्हणाल्या. "मी गेल्यावर हे घर कुणाच्या हाती जातंय, ह्याचीच धास्ती होती. आता माहीत आहे. रोज कोपरे बघणारी एक आहे तुमच्यात."

विनीतानं बाबांना फोन लावला. त्यांची पाळी सुटली होती, ते इकडंच निघाले होते. ती सगळं सांगत सुटली, वाळवीपासून नारळापर्यंत, आणि पलीकडून बाबा एकच प्रश्न परत परत विचारत होते, तो गुंजनला बाजूला उभं राहूनही ऐकू आला. "पण घेतलं ना? घेतलं ना आपण?"

आणि गुंजन? ती दारापाशी गेली. तिथं सगळ्यांच्या चपला अस्ताव्यस्त पडल्या होत्या. तिनं आजोबांच्या वहाणा उचलून भिंतीला लावल्या. त्यांच्या शेजारी आईच्या, आणि आईच्यानंतर आपल्या. मग जरा मागं जाऊन तिनं पाहिलं, मान वाकडी केली, आणि आपल्या चपला परत उचलून थोड्या पलीकडं सरकवल्या. आईच्या आणि तिच्या चपलांमध्ये एका मोठ्या जोडाची जागा झाली. ती जागा पुसून घेऊन गुंजन ओट्यावर बसली आणि गल्लीच्या तोंडाकडं बघायला लागली.